मुलाला वर्षभर मामाच्या शेतावर ठेवावे का?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

माझे माहेर मंगळवेढा तालुक्यातील एका कोरडवाहू खेड्यात आहे. वडिलांची आठ एकर काळी जमीन, तीत रब्बीची ज्वारी, थोडा हरभरा आणि करडई, गोठ्यात दोन म्हशी. मी आणि माझ्या धाकट्या भावाने लहानपणी ज्वारीची राखण केली, म्हशी वळल्या, गोठ्यातले शेण काढले आणि शाळाही केली. आता आम्ही पुण्यात हडपसरला राहतो. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि सातवीत शिकतो. मुलगी आठ वर्षांची आहे. मुलगा हुशार आहे, पण हाती घेतलेले काहीच तडीस नेत नाही. तबला, ॲबॅकस, बुद्धिबळ आणि क्रिकेट अशा चार क्लासना त्याला घातले आणि चारही त्याने अर्ध्यावर सोडले. जेवल्यावर ताट उचलायलाही त्याला तीनदा सांगावे लागते.

त्याच्या वयाची असताना मी पहाटे शेतातल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, उभी असे. एकदा गोफण टाकून मैत्रिणींबरोबर ओढ्यावर गेले आणि तेवढ्या वेळात गुरांनी शेताचा एक कोपरा खाऊन टाकला. वडील काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा त्याच माळ्यावर पाठवले. पुढे 2014 च्या गारपिटीत काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, तरी त्याच वर्षीच्या रब्बीत भावाने पुन्हा पेरणी केली. ही चिकाटी माझ्या मुलात कुठून येणार? एक वर्ष त्याला भावाकडे ठेवून गावच्या शाळेत घालावे, असे मला वाटते. पती म्हणतात की मी गरिबीलाच संस्कार समजते आहे. भाऊ तयार आहे, पण त्याचा स्वतःचा मुलगा सोलापूरला वसतिगृहात राहून शिकतो आणि शेताकडे फिरकतही नाही. मी काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण सरळ प्रश्न विचारला आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. मुलाला वर्षभरासाठी गावी ठेवू नये. मात्र शेतावरच्या बालपणाने आपल्याला काही मोलाचे दिले, ही आपली समजूत चुकीची नाही. ते देणे नेमके कशातून आले, एवढेच तपासून पाहायला हवे, कारण त्याचे श्रेय आपण शेताला आणि कष्टाला देत आहात आणि माझ्या मते त्यातला मोठा वाटा आपल्या वडिलांचा आहे.

गुरांनी शेताचा कोपरा खाल्ल्याची गोष्ट आपण पत्रात दोन-तीन ओळींत उरकली आहे. मला ती साऱ्या पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ज्वारीचा एक कोपरा जाणे म्हणजे काही दिवसांची भाकरी आणि जनावरांचा कडबा जाणे. तरीही वडिलांनी आरडाओरडा केला नाही, राखणीला दुसरे कोणी नेमले नाही आणि स्वतः माळ्यावर जाऊन बसले नाहीत. नुकसान आपण डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे त्याविषयी बोलण्याची गरज त्यांना वाटली नसावी. दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा आपल्याच हाती देऊन त्यांनी एका मुलीवर टाकलेला विश्वास मागे घेतला नाही. आजचे आपण बहुतेक पालक याच्या अगदी उलट वागतो: मूल विसरले की आधी रागावतो आणि मग ते काम स्वतः करून टाकतो. मुलाला बोलणी खावी लागतात, पण परिणाम कधीच भोगावा लागत नाही. आपल्या पत्रातले ताट अखेर रोज कोण उचलते, हे आपण लिहिलेले नाही. मला मात्र अंदाज करता येतो.

राखणीचे कामही जरा बारकाईने पाहू. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते आणि डिसेंबर-जानेवारीत कणसांत दाणा भरू लागतो. दाणा चिकात आला की चिमण्या आणि थंडीत परदेशातून येणारे भोरड्यांचे थवे पहाटे आणि सूर्य कलल्यावर शेतावर उतरतात. त्या वेळी कोणीतरी माळ्यावर असावेच लागते. हे काम अवघड नाही, कंटाळवाणे आहे. थंडी असते, सोबत कोणी नसते, बराच वेळ काहीच घडत नाही आणि नेमके लक्ष उडाले की थवा उतरतो. या कामाची तपासणी करायला कोणी येत नाही, शाबासकी मिळत नाही, गुण तर नाहीतच. पण ते केले नाही तर काय होते हे आठ-दहा वर्षांच्या मुलालाही कळते, कारण तीच ज्वारी वर्षभर त्याच्या ताटात यायची असते. शिवाय वडील पलीकडच्या बांधावर, आई गोठ्यात, म्हणजे घरातला प्रत्येक माणूस आपापल्या कामाला भिडलेला असतो. आपल्याला एकटीलाच कामाला लावून बाकीचे घर आरामात बसलेले नव्हते. कामाची खरी गरज, त्याची स्पष्ट हद्द, न टळणारा परिणाम आणि सोबत राबणारी मोठी माणसे, एवढे सगळे तिथे आपोआप जुळून आले होते. शहरातल्या घरात ते आपोआप जुळत नाही, पण जुळवताच येत नाही असेही नाही.

चिकाटीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ज्वारीला चार महिने लागतात आणि ते कोणाच्या घाईने तीन होत नाहीत. काळ्या जमिनीत धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीवर पीक आपल्या चालीने वाढते. पण त्याला शेवटही असतो: काढणी होते, कणसे खुडली जातात, मळणी होते, कडब्याच्या पेंढ्या रचल्या जातात आणि तो हंगाम संपतो. आपल्या मुलाच्या चारही क्लासना असा शेवट होता का, याचा विचार करावा. तबल्याचा क्लास आज सुरू झाला तर तो कधी संपतो? मुलाच्या दृष्टीने कधीच नाही. ज्याला शेवटच नाही ते सोडून देण्याखेरीज त्यातून बाहेर पडण्याचा मार्गही नसतो. शिवाय ते चार क्लास निवडले कोणी, हेही पत्रातून कळत नाही. म्हणून यापुढे त्याच्या आवडीचा एकच क्लास ठेवावा, तो अमुक महिन्यापर्यंत, असे आधीच ठरवावे, त्या तारखेपूर्वी सोडायचा नाही हे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे आणि ती तारीख आल्यावर त्याने सोडायचे म्हटले तर एक अक्षरही न बोलता सोडू द्यावा.

गारपिटीनंतर भावाने पुन्हा पेरणी केली, याचे आपल्याला वाटणारे कौतुक योग्यच आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या त्या गारपिटीने राज्यातल्या फार मोठ्या भागात हाताशी आलेली पिके नेली होती. पण त्या पेरणीत चिकाटी किती आणि नाइलाज किती, हे आपल्या भावालाच विचारून पाहावे. जमीन पडीक ठेवून तो दुसरे काय करणार होता? स्वतःचा मुलगा सोलापूरला ठेवण्याचा त्याचा निर्णय मला या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तरच वाटतो. शेतीतली अनिश्चितता त्याने भोगली आहे आणि मुलाला तीतून बाहेर काढण्यासाठी तो पैसे मोजतो आहे. अशा वेळी बहिणीने आपला मुलगा त्याच शेतावर वळण लागावे म्हणून आणून सोडला, तर तो तोंडाने हो म्हणेल, पण त्याच्या मनात काय येईल याचा विचार आपण केलेला दिसत नाही.

आता आपल्या पतींच्या म्हणण्याकडे येतो. ते अर्धे बरोबर आहेत. कष्टाने माणूस घडतो हे खरे असते, तर दरवर्षी ऊसतोडीसाठी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आई-वडिलांसोबत फडावर जाणारी मुले राज्यातली सर्वांत घडलेली मुले ठरली असती. आठ-नऊ वर्षांची मुलगी खोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, चूल पेटवते. जबाबदारी म्हणाल तर तिच्या अंगावर आपल्याहून कितीतरी जास्त असते. ऐन शाळेच्या दिवसांत पाच-सहा महिने गावाबाहेर राहावे लागल्याने तिची शाळा मात्र सुटत जाते. अशा मुलांसाठी साखरशाळा काढाव्या लागल्या त्या याच कारणाने. आपण माळ्यावरून उतरून शाळेत जात होता आणि तिला फडावरून जाता येत नाही, हा फरक फार मोठा आहे. आपल्याबरोबर राखण करणाऱ्या मैत्रिणींपैकी किती जणी दहावीपर्यंत पोचल्या, हेही एकदा आठवून पाहावे. शेतावरच्या बालपणाने माणूस घडतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातून निभावून पुढे गेलेलेच बोलत असतात. जे तिथेच अडकले ते कोणत्याही सदराला पत्र लिहीत नाहीत.

कायद्यानेही ही रेघ बऱ्यापैकी स्पष्ट आखली आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी केली आणि कुटुंबाच्या शेतीत किंवा व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली ती शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत आणि धोकादायक नसलेल्या कामापुरती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांनी श्रम करून शिकण्याची पद्धत रुजवली, तेव्हाही श्रमाचा हेतू शिक्षण मिळवणे हाच होता. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या वाक्यात शिक्षण हा शब्द आहे, हे श्रमसंस्कारांवर भाषणे देणारे पुष्कळदा विसरतात.

पती जिथे चुकतात ते असे, की आपण जे शिकलात ते केवळ गरिबीतून आले असे ते समजतात. तसे असते तर प्रत्येक गरीब घरात कोपरा खाल्ला गेल्यावर मुलीला पुन्हा माळ्यावर पाठवणारा बाप असता.

वर्षभर गावी ठेवण्यात आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्याला माझ्याहून चांगली ठाऊक असणार. आपला मुलगा तिथे भाचा म्हणून जाणार आहे. ज्या घरात भाच्याला आधी वाढतात, त्या घरातली मामी त्याच्या हातात शेणाची पाटी देईल, असे आपल्याला खरोखर वाटते का? पहिले दोन महिने लाड होतील, पुढचे दोन महिने त्याला घरची आठवण येईल, आणि म्हैस तर अनोळखी हाताला पान्हाही सोडत नाही, म्हणजे धारा काढण्याचा प्रश्नच मिटला. त्यात सातवीतून अचानक शाळा, मित्र आणि आई-वडील सुटल्याचा अर्थ तो एकच लावेल: मी नालायक ठरलो म्हणून मला गावी पाठवले. शेत ही शिक्षेची जागा झाली, तर पुढे आयुष्यभर आजोळच्या मातीविषयी त्याच्या मनात अढी राहील. ही धमकी आतापर्यंत घरात दिली गेली असेल, तर आजपासून ती बंद करावी.

मग काय करावे? मी आपल्या जागी असतो तर दळणापासून सुरुवात केली असती.

माहेरची ज्वारी आपल्याकडे पोत्याने येत असणार, असे मी धरून चालतो. येत नसल्यास भावाकडून मागवून घ्यावी. पिठाची सगळी व्यवस्था मुलाकडे सोपवावी. डब्यातले पीठ किती उरले आहे हे त्याने पाहायचे, संपण्याच्या दोन दिवस आधी ज्वारी काढायची, निवडायची, गिरणीत नेऊन दळून आणायची, गरम पीठ निवेपर्यंत उघडे ठेवायचे आणि मग डब्यात भरायचे. फार दिवसांचे दळून ठेवले तर पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते, हे त्याला आपण एकदा दाखवावे. म्हणजे महिन्याचे दळण एकदाच आणून मोकळे होण्याची युक्ती त्याला सुचली, तरी तिचा परिणाम तव्यावर दिसेल. पहिल्या दोन वेळा आपण बरोबर जावे. त्यानंतर आठवण करून देऊ नये. हे आपल्याला फार जड जाईल, पण या सगळ्या सल्ल्यातला कळीचा भाग तोच आहे.

तो नक्की विसरेल. त्या संध्याकाळी घरात भाकरी होणार नाही, भात होईल, आणि सगळ्यांनी तो मुकाट्याने खावा. दुकानातून पिठाची पिशवी मागवू नये, पतींनी गुपचूप गिरणीत जाऊ नये, आणि जेवताना मंगळवेढ्याच्या माळ्याची गोष्ट तर मुळीच सांगू नये. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे प्रत्येक वाक्य मुलाला आरोपासारखे ऐकू येते. दुसऱ्या दिवशी दळण पुन्हा त्याचेच. या कामाचे पैसे देऊ नयेत आणि कोणाच्या देखत त्याचे कौतुकही करू नये. भाकरी चांगली झाली तर आजचे पीठ छान आहे एवढे म्हणावे. हे किमान चार महिने, म्हणजे ज्वारीच्या एका हंगामाएवढे चालू द्यावे आणि ते संपण्याआधी दुसरे काम लादू नये. याच काळात आपण दोघेही घरातली कोणती कामे स्वतःच्या हातांनी करता, हे मुलाला दिसले पाहिजे. आई-वडील फोनमध्ये आणि मुलगा गिरणीत, असे चित्र असेल तर तो लवकरच बंड करील आणि ते न्याय्य असेल.

शेताशी नाते जोडायचेच असेल, तर उन्हाळ्याच्या सुटीचा काही उपयोग नाही, कारण मे महिन्यात कोरडवाहू रानात पीक नसते; मशागत आणि आंबे एवढेच त्याला दिसेल. त्याऐवजी येत्या रब्बीत भावाकडून दोन गुंठे ज्वारी त्याच्या नावाने मागून घ्यावी. दोन गुंठे म्हणजे सुमारे दोनशे चौरस मीटर, एका मुलाच्या आवाक्यातले. पेरणीला त्याने हजर राहावे, दिवाळीच्या सुटीत विरळणी आणि खुरपणी करावी, जानेवारीत एखादी जोडसुटी धरून माळ्यावर बसावे आणि फेब्रुवारीत काढणीला जावे. मधल्या काळात मामाने त्याला पिकाचे फोटो पाठवावेत आणि मामा तिथे नांगरत-पेरत असतो म्हणूनच हे शक्य आहे, याची जाणीव मुलाला करून द्यावी; दोन गुंठ्यांवर चार वेळा जाऊन कोणी शेतकरी होत नाही आणि तसा आव आणणाऱ्या शहरी पाहुण्यांचा गावाला कंटाळा येतो. वर्ष चांगले असेल तर पंधरा-वीस किलो ज्वारी येईल आणि ती त्याच डब्यात पडेल. वर्ष वाईट असेल, पाखरांनी किंवा गारांनी पीक नेले, तर मामाच्या कणगीतून त्याचे पोते भरून देऊ नये. भावाला हे आधीच बजावून ठेवावे, कारण भाच्याचे तोंड उतरलेले पाहून तो नक्की भरून देईल.

शेतावर असताना काही गोष्टींपासून मुलाला कटाक्षाने दूर ठेवावे: कठडा नसलेली विहीर, कडबाकुट्टीचे यंत्र, ट्रॅक्टर आणि फवारणी. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारलेल्या रानात त्या दिवशी मुलाने पाऊलही टाकू नये. कडब्याच्या गंजीत हात घालण्याआधी काठीने चाचपून पाहावे, हे मामा शिकवेलच.

आपल्या मुलीविषयी आपण काही विचारलेले नाही. ती आठ वर्षांची आहे आणि तिच्याकडे कोणते काम आहे, हे पत्रात नाही. बहुतेक घरांत मुलाच्या बेजबाबदारपणावर पत्रे लिहिली जातात आणि मुलगी तोवर न सांगता ताटे उचलायला लागलेली असते. तसे होत असेल तर भावाने न उचललेले ताट तिने उचलायचे नाही, असे तिला स्पष्ट सांगावे. दोन गुंठ्यांतही एक ओळ तिची असावी, तिला हवी असेल तर.

सुरुवात करण्यापूर्वी पतींशी बोलून घ्यावे, कारण भाताच्या त्या पहिल्या संध्याकाळी ते कोणाच्या बाजूने बोलतात यावर पुष्कळ अवलंबून आहे. भावाकडून पेरणीचा अंदाज आताच विचारून ठेवावा. पाऊस लांबला तर पेरणी ऑक्टोबरात जाते आणि ती सहामाही परीक्षेच्या आठवड्यात आली, तर मुलाने परीक्षा द्यावी. त्याच्या दोन गुंठ्यांत मामा पाभर (पेरणीचे अवजार) फिरवून घेईल आणि मुलाने दिवाळीत थेट विरळणीला जावे.